चौदावा मणी

नेमुरोच्या दवाखान्यात बाबांचा रिपोर्ट
मी उभ्याउभ्याच वाचला.
उपाशीपोटीची साखर एकशे बावन्न.
"गोड तर मी खातच नाही," बाबा म्हणाले
आणि खिशातली मोचीची पुडी
आणखी खोल ढकलली.

अडतीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी,
बर्फात सायकल रुतली की पायी,
पार ओचिइशीच्या दीपगृहापर्यंत.
निवृत्त झाले
आणि रॉकेलच्या शेगडीशी बसले ते बसलेच.

डॉक्टर अमामिया पाठकोऱ्या कागदावर चित्र काढतात:
पेशीच्या पोटात इवली भट्टी,
तिची वेगळी बाराखडी, फक्त आईकडून आलेली.
भट्टी नुसती जळत नाही म्हणे,
चिठ्ठ्याही लिहिते.
त्यातली एक, सोळा मण्यांची,
स्नायूंना सांगते: कान द्या,
इन्सुलिन केव्हाचं दार वाजवतंय,
साखर उंबऱ्यात उभी आहे.

बाबांच्या माळेत चौदावा मणी निराळा.
मुळात एकच अक्षर बदललेलं.
सोळा आणे नव्हे,
पंधरा.

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"
"तुम्ही चालत होतात, म्हणून चाललं."
मग चष्मा पुसत: "खात्रीनं नाही सांगत.
उंदरांत दिसलंय थोडं,
बैठ्या पुरुषांत थोडं.
बायकांत जवळजवळ नाहीच."

फुसाए आजी आठवली,
कंबरभर पाण्यात कोंबू ओढणारी.
तिच्यात हे अक्षर जन्मभर
मुकाट पडून होतं.

"आणि माझ्यात?"
"तुमची भट्टी तुमच्या आईची.
ही माळ यांच्यापाशी संपते."

बाबा हसले, पोस्टमन हसतो तसे,
चुकीचा पत्ता वाचल्यावर.
"सगळ्यांची पत्रं पोचवली.
हे एक माझ्याच नावावर आलं,
आणि पुढं पाठवायचंही नाही."

घरी येईस्तोवर गप्प.
मग एकदम: "युकिहारु!"
आत्याचा मुलगा. कुशिरोत ट्रक चालवतो,
दिवसाचे बारा तास बसून.
आत्याही त्याच आईची.

मी फोन पुढे केला.
त्यांनी कागद मागितला.
तीनच शब्द लिहिले:
गाडी थांबव. उतर.
आणि तिसरा मला वाचता आला नाही,
हात कापला असावा.

खिडकीतून पाहते:
टोपी कानांवर ओढलेली,
रिकाम्या खांद्यावर हात, पट्टा सावरल्यासारखा,
कोपऱ्यावरची लाल पेटी ओलांडून
बाबा निघालेत
लांबच्या पेटीकडे.