एक कौल कमी

लुमाण्णा वर, आढ्याशी. मी खाली, परसात.
तो कौल काढतो, बायको झेलते, पोरगा रचतो,
आणि मोजायचं काम माझं, ते सोडून
मी ताक घुसळत बसलेली.
पत्रे मंगळवारीच येऊन पडलेत,
निळे, बेळगावहून, टेम्पोतून.

"वैनी, हे बघा," तो वरूनच म्हणाला,
"ह्याच्यावरनं कोण तरी चालून गेलंय."

चुलीवरचं कौल. धुरानं काळं.
त्यानं मुंडाशाच्या शेवानं पुसलं
तेव्हा खानापूरची लाल माती दिसली,
कारखान्याचा अर्धा शिक्का,
आणि शिक्क्याच्या जरा वर
चार बोटं, एक गादी.

नखं नाहीत.
"कुत्रं असतं तर नखं उठली असती.
कुत्र्याला लपवायला येत नाही काही."
मग आपला अंगठा त्यात ठेवून बघितला त्यानं;
जागा उरली.
"उजवा पाय आहे. म्हणजे उजवा कौल!"
असं म्हणून एकटाच हसला, आणि बिडी पेटवली.

कुठल्या तरी रात्री ओली कौलं
फळ्यांवर वाळत पडली असणार,
भट्टी धुमसत असणार,
आणि हे त्यांच्यावरनं गेलं,
घाई नसलेलं, एकेक पाय जपून.
सकाळी बाईनं बघितलं असणार.
(तिला मी बायाक्का म्हणते, नाव काहीही असो.)
खराब मालाचे पैसे मजुरीतून कापायचे.
तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं,
आणि कौल चांगल्या मालात सरकवलं.

कारखान्याचंच असेल ते,
लाकडांच्या राशीत उंदीर धरणारं,
मुकादमाच्या डब्यातल्या भातावर पोसलेलं.
नाही तर उसातून आलेलं बाऊल,
मलप्रभेच्या कडेकडेनं, मातीच्या खड्ड्यात
बेडूक आहेत म्हणून.
वाघाटी नव्हे, लुमाण्णा म्हणाला,
वाघाटीचा पाय एवढा नसतो.
त्याला ठाऊक. त्याच्या आज्यानं एक मारली होती
कोंबड्यांपायी, जांबोटीच्या रानात,
आणि भटजी म्हणाले, मांजरच ते,
सोन्याचं मांजर करून काशीला दे.
सोनं कुठलं? पितळेचं केलं.
ते नंदगडच्या बाजारापर्यंत गेलं
आणि तिथं विकलं.

मी कौल मांडीवर घेऊन बसले.
मी ह्या घरात आले, भाकरीला पहिला चटका दिला,
सासूबाई गेल्या, थोरली जन्मली,
दुर्गी कणगीमागं चारदा व्याली,
तेव्हा हे पाऊल वरती होतं,
खाली तोंड करून,
काजळीत.

दुर्गीला दाखवलं.
तिनं हुंगलं. मिशी हलली नाही.
जाऊन पत्र्यांच्या थप्पीवर, उन्हात,
शेपूट गुंडाळून बसली.

दुपारी कित्तूरचा शिवलिंगाप्पा आला लॉरी घेऊन.
आठशे ठरली होती, मोजून पैसे.
कन्नडातनं मोजत गेला, शेवटाला थांबला,
परत पहिल्या थप्पीपासून मोजली.
"वंद कम्मी ऐती, अक्का."
लुमाण्णा वाशांकडं बघू लागला.
त्याची बायको पदराची गाठ सोडू लागली.
मी ताक पीत होते.
डोळे मिटून.

तिसऱ्या रात्री निळ्या पत्र्यावर
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्, टप्, टप्, न्हाणीघराच्या अंगाला.
कौलांवरनं कोण जातं येतं
हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं.
हे म्हणाले, दुर्गी असेल, झोप.

दुर्गी माझ्या पोटरीला पाठ लावून झोपली होती.
तिचा एक कान तेवढा
वर.