तेवीस एफ

पुंता अरेनासला वारा असा
की दोन तास विमान जागच्या जागी, पंख हलवत,
जणू पाहुणा निघालाय आणि यजमान म्हणतोय, बस अजून.
आम्ही आत, पट्टे आवळून.
पायलट दर वीस मिनिटांनी सांगतो, "पंधरा मिनिटं."
माझा नवरा असाच बोलायचा, कातरणीच्या हंगामात.

त्याआधीचं सांगायचं राहिलं.
तपासणीला निबाल्दोने माझी बरणी उचलली.
हाच निबाल्दो, ज्याला शाळेच्या खानावळीत
सहा वर्षं मी मसुराचं सूप वाढलं,
वर एक पाव, मुख्याध्यापिकेच्या नजरेआड.
तो म्हणतो, "दोन्या ओतिलिया, शंभर मिलिलिटरच्या वर नाही."
मी म्हटलं, जॅम आहे रे, बॉम्ब नाही.
तो शब्द तिथे उच्चारायचा नसतो.
मग आणखी एक बाई आली, हातमोजे घातलेली.

कालाफातेची फळं. काटे असे की
दोन दिवस बोटं ठणकत होती.
ती पिंपात जाताना बघवेना.
झाकण उघडलं आणि रांगेतून फिरले,
घ्या, बोट बुडवा, संकोच नको.
आधी सगळे बुटांकडे बघत राहिले,
तसे ते हातातच होते.
मग तेलविहिरीवरच्या एका कामगाराने बोट घातलं,
मग जुळ्या मुलींनी, दोघींनी एकदम,
मग टायवाल्या गृहस्थाने,
जो आत्तापर्यंत पट्ट्याच्या बकलवरून भांडत होता.
निबाल्दो पाठ करून उभा.
रिकामी बरणी त्याने घेतली तेव्हा
ओठाच्या कोपऱ्यात जांभळा ठिपका होता. शपथेवर सांगते.

तर, तेवीस एफ.
खिडकीचे जादा पैसे, बॅगेचे वेगळे,
नाकापेक्षा मोती जड.
उजवीकडून बर्फाचं पठार दिसतं म्हणे.
एकसष्ट वर्षं त्याचा वारा खाल्ला,
ते स्वतः कसं दिसतं, कधी पाहिलं नाही.
आणि तेवीस एफला खिडकीच नाही.
भिंत. पांढरी, गुळगुळीत, प्लास्टिकची.
कंपनीने तोंडाला पानं पुसली.
डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेय,
उजव्यात मोतीबिंदू,
त्या डोळ्याला मात्र फरक पडला नाही:
पांढरं ते पांढरंच.

हवाई सुंदरीला बोलावलं. लुसमिरा, छातीवर नाव.
वाटलं, आता छापील माफी मिळेल.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चला."
शेवटी, स्वयंपाकघर म्हणावं अशा कपाटात,
तिने बूट काढून ठेवले होते,
टाचेला पट्टी, मोज्याला भोक.
दारात बशीएवढी गोल काच.
"इथे नाक लावा. एक मिनिटभर."

नाक लावलं.
खाली ते होतं. काही हलत नव्हतं.
निळ्या भेगा, भाजलेल्या पावाला पडतात तशा,
आणि आमच्या विमानाची सावली, माशीएवढी,
त्यावरून धावत होती, कुणाला न विचारता.
मी काहीतरी बोलले असेन.
लुसमिराने चहा दिला, खरा, कागदी कपात,
म्हणाली, नऊ वर्षं झाली, ढगच असतात नेहमी,
आज मीही पहिल्यांदाच.
एक मिनिटाची चांगली अकरा झाली.
मग पट्ट्यांचा दिवा लागला आणि तिने बूट चढवले.

परतताना रांगेरांगेतून
जांभळे दात माझ्याकडे बघून हसले.
टायवाला झोपला होता, तोंड उघडं, जीभ वांग्याच्या रंगाची.

सांतियागोला बॅग आली नाही.
खिडकीमागचा मुलगा टाइप करत राहिला, मग म्हणाला,
अंतोफागास्ताला गेली, वाळवंटात, उद्या मिळेल.
फॉर्मवर प्रश्न: आत काय होतं?
लिहिलं: दोन ब्लाउज, एक्स-रे, चपला,
आणि आणखी दोन बरण्या.

आमच्याकडे म्हणतात, कालाफाते खाल्ला तो परत येतो.
वाळवंटात कुणी झाकण उघडून बघितलंच,
तर त्याला यावं लागेल आमच्या वाऱ्यात.
येऊ दे.
म्हणावं, स्वेटर आण,
आणि खिडकीचे पैसे भरू नकोस.