दिलगिरीचा चौथा मसुदा

माझं काम : कंपनीच्या वतीने दिलगीर होणं.
रीगाच्या विमानतळावर, तिसऱ्या मजल्यावर,
बर्फ खरवडणारी यंत्रं दिसतात त्या खिडकीशी
माझं टेबल आहे.
उशीर, संप, भलत्याच देशात गेलेल्या बॅगा,
सगळ्यांची दिलगिरी तयार असते,
फक्त तारीख बदलायची.

मांजरीची नव्हती.

वेल्ता स्प्रोगे, वय एकाहत्तर,
डब्लिनला मुलीकडे कायमची निघालेली.
घराच्या किल्ल्या देऊन झालेल्या.
मांजर बारा वर्षांची, तीन रंगांची, नाव पोगा,
म्हणजे आमच्या भाषेत बटण.
पिंजरा विमानापाशी पोचला तेव्हा दार लटकत होतं
आणि आत नुसता स्वेटर.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं :
आमच्या हातून पोगा हरवली.
कायदा विभागाच्या गुंतिसने 'आमच्या' खोडलं,
मग 'हातून'.
'पोगा'वर त्याची पेन्सिल जरा थांबली.
नाव घेतलं की नातं लागतं, म्हणाला,
आणि खोडलं.
दुसऱ्या मसुद्यात ती 'तो' झाली, तो पाळीव प्राणी.
तिसऱ्यात 'ते', ते प्रकरण.
'हरवली'च्या जागी आलं :
सध्याचा ठावठिकाणा निश्चित होणे बाकी आहे.
मांजर धावपट्टीकडे पळाली असेल, नसेल,
वाक्यातून कर्ता मात्र नक्की पळाला होता
आणि त्याला शोधायला कोणी गेलं नाही.

चौथा मसुदा प्रसिद्ध झाला.
'आमचे प्रवासी आणि त्यांचे चतुष्पाद सोबती...'
चतुष्पाद हा शब्द माझा.
साहेबांनी त्याखाली रेघ मारून 'छान' लिहिलं.

लोक विचारू लागले, शोधताय तरी का?
आम्ही कळवलं : सर्व संबंधितांना कळवण्यात आले आहे.
संबंधित म्हणजे कोण,
हे बघायला पाचव्या दिवशी मी खाली गेले.
मालधक्क्यावर आइवार्स भेटला, हातमोजे काखेत.
मला कुणी काही कळवलेलं नाही, म्हणाला.
मी आपली रात्री बशी ठेवतो,
कुंपणाशी, सातव्या खांबाखाली.
दूध. कधी डब्यातले मासे.
सकाळी दूध गोठलेलं असतं, तसंच्या तसं.

डोळे मिटून दूध पिते ती मांजर, असं म्हणतात.
इथे दूध शाबूत होतं
आणि मिटलेले डोळे सगळे वर, तिसऱ्या मजल्यावर.

वेल्ता रोज येते. बावीस नंबरच्या बसने.
कुंपणाबाहेर उभी राहून
बटणांचा पत्र्याचा डबा खुळखुळवते.
पिल्लू असताना त्याच डब्यात झोपायची म्हणे,
आवाज ओळखते.
माझ्या खिडकीला दुहेरी काच आहे,
मला फक्त हात हलताना दिसतो,
वर, खाली, मग दुसरा हात.
मध्ये एखादं विमान उतरतं
तेव्हा ती थांबते,
एखाद्याचं बोलणं संपू द्यावं तशी.

अकराव्या दिवशी आदेश आला :
या विषयावर यापुढे निवेदन नाही.
मी फाइलला नाव दिलं, बंद केली,
नाव काय दिलं ते आठवत नाही.

बाराव्या दिवशी पहाटे आइवार्सचा फोन.
बशी रिकामी आहे.
बर्फात पावलं आहेत. कोल्ह्याची असतील,
पण लहान आहेत.
इतकी लहान... असं म्हणून तो गप्प झाला,
बहुधा फोनसमोर बोटांनी माप दाखवत असावा.

नियम सात : खात्री नसलेली माहिती बाहेर देऊ नये.
नियम सात मीच लिहिलेला, दोन वर्षांपूर्वी,
एका पियानोच्या वेळी.

नंबर फिरवला.
मी लाउमा, म्हटलं. कंपनीचं नाव जिभेवर होतं,
ते तिथेच राहिलं.
बशी रिकामी आहे, म्हटलं.
कुणी रिकामी केली माहीत नाही.
आमच्या हातून हरवली ती.

पलीकडून वेल्ता काही बोलली नाही.
पत्र्याच्या डब्याला झाकण लागल्याचा आवाज आला,
मग खुर्ची सरकल्याचा,
मग अंधारात कुणी बूट शोधत असल्याचा.