बॅकस्पेस

विडी घरकुलात समाजमंदिराच्या मागच्या खोलीत
तीन कॉम्प्युटर, त्यातला एक मुका.
वीज गेली की आम्ही कट्ट्यावर,
आली की परत आत. चपला दाराशी.

राजमणी गाजुल माउसला शिवण्याआधी
हात पदराला पुसते.
साबणानं न जाणारा तंबाखूचा वास.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं
'क' शोधायला दोन मिनिटं घेतात.
शेजारची शाहेदाबी हसते,
"एवढ्यात चार विड्या झाल्या असत्या की गं!"

मी सांगतो, चुकलं तर हे बटण.
ती दाबते. अक्षर जातं.
"पैसे कापत नाहीत?"
नाही.
"कारखान्यात छाट निघाली की
कारकून आमच्यासमोर चुरतो.
पान आमचं, दोरा आमचा, दिवस आमचा."

मग ती मुद्दाम चुकते.
पुसते, चुकते, पुसते.
रांगेतल्या बाया आपलं काम सोडून
तिच्या पडद्याकडे बघत राहतात.

सोमवारी ती पिशवीतून कागद काढते,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.
पीएफचा.
त्यावर 'राजमनी गाजूर'.
अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी
जेवणाच्या सुट्टीआधी घाईत टाइप केलेली बाई.
तिच्या नावावर हिचे पैसे.

ती कागद पडद्याला टेकवून धरते,
बोट बटणावर,
"सर, हे कुठनं पुसायचं?"

वीज होती.
मी उगीच वाकून
वायर तपासली.