पिठावरून जोंधळा

दहा अक्षरं. मध्येच एक ठिपका, एक तिरकी रेघ.
सातगोंडानं चिठ्ठीवर उतरवून आणली होती,
चिठ्ठीला वखारीतल्या तंबाखूचा वास.
"ह्याच्या मागं कोण हाय, तेवढं सांग की."

दर शनिवारी निपाणीतल्या फोनांवर
कुणीतरी बिननावाचं लिहितं:
हजाराला किती बिड्या छाट काढल्या,
आणि छाट म्हणून फेकलेल्या
कुठल्या टेम्पोतून विकायला गेल्या.
खाली हीच दहा अक्षरं.
नाव नाही, पण अंगठा आहे.

सातगोंडाला मी गिरणीच्या भाषेत सांगितलं:
गुपित शब्द दळला की हे पीठ पडतं.
पिठाचा परत जोंधळा होत नाही.
पण एकेक दाणा दळून बघता येतो,
हेच पीठ कशाचं पडतं ते.
"मीठबीठ?" तो हसत म्हणाला.
मीठही असतं. त्याच शब्दातलं,
दुसरं नि तिसरं अक्षर.
तो हसायचा थांबला.

हुबळीहून आणलेली तीन जुनी ग्राफिक्स कार्डं,
पत्र्याखाली, समोर टेबलफॅन.
पहिल्या रात्री मराठी दळली:
देव, गावं, शिव्या, लेकरांची नावं.
दुसऱ्या रात्री कन्नड.
तिसऱ्या रात्री हेस्कॉमची लाईट दोनदा गेली.
बायको म्हणाली, यावर सांडगे तरी वाळवते.

मग याद्या बाजूला ठेवल्या
आणि बसस्टँडवर ऐकू येतं ते टाकलं.
पहाटे जुळलं.

अक्काताई.

याद्या करणारे पुण्याचे, बेंगळूरचे;
त्यांच्याकडं अक्का वेगळ्या घरात, ताई वेगळ्या.
इकडं दोघी एकाच बाईत राहतात,
एकाच रेशनकार्डावर.

मशीन फक्त म्हणालं, जुळलं.
त्याला वखार माहीत नाही.
मला तीन अक्काताई माहीत आहेत.
एक माझी मावशी, वारली.
एक अकोळला, तिला फोन धरता येत नाही.
एक त्या वखारीत मांडीवर सूप घेऊन
तेवीस वर्षं पानं कातरत बसली.
तिचा भैरू तिथंच हिशेब लिहितो.
मागच्या महिन्यात फुटकी काच घेऊन आला होता,
पिनसुद्धा मोठ्यानं सांगितला.

सातगोंडाला म्हटलं, नाही सापडलं.
त्यानं लाईटबिलाचे पाचशे ठेवले.
घेतले मी.
"हुबळीत मोठी मशिनं हायत म्हणे," जाताना म्हणाला.

संध्याकाळी भैरूला बोलावलं, काच बघतो म्हणून.
दुकानात दोन गिऱ्हाइकं,
त्यातलं एक वखारीतलं.
फोन त्याच्या हातात देताना
मला एवढंच बोलता आलं:
"भैरू, आईचं नाव काढ."

तो लाजला.
"काढीन की, मामा," म्हणाला.

आज शनिवार.
खाली अक्षरं तीच आहेत.