रकाना सात

पद्मावतम्मा यमुल यांनी ती रिक्षातून आणली,
चादरीत गुंडाळून, मांडीवर आडवी.
नळीचं टोक बाहेर, त्याला लाल फडकं,
सळया नेताना बांधतात तसं.

"तुपाकी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बंदूक.
कलेक्टर कचेरीचा कागद म्हणतो, अग्निशस्त्र, बहुधा पुरातन,
नमुना व निर्मितीचे वर्ष कळवावे.
रकाना सात. चार आकड्यांपुरती जागा.

अशोक चौकामागची माझी खोली, वर पत्रा, एप्रिल.
रॉकेलनं धुतली. नळीत करडईचं तेल
डिंकासारखं धरलेलं,
कुणी दर दसऱ्याला मायेनं चोळलेलं
आणि मायेनंच वाट लावलेली.
मग कुलपाच्या पट्टीवर मुकुट दिसला,
खाली १८६२.

"झालं की मग. लिवा."

थांबा, म्हटलं. हे साल नुसत्या कुलपाचं.
तेव्हा ही तोंडाकडून भरायची होती,
दारू, गोळी, गज, ठासणं.
पुढे पाच-सात वर्षांनी तिकडेच कुणी हिची पाठ कापली,
बिजागरीचं झाकण बसवलं,
पानाच्या डब्यासारखं उजवीकडे उघडणारं.
झाकणावर साल नाही. एक आकडा आहे,
तोही वेगळ्याच हातानं ठोकलेला.

नळीत टॉर्च मारला.
तीन पीळ हवेत. नाहीत.
इकडच्या शिपायाची गोळी फार लांब जाऊ नये
म्हणून आतून साफ घासलेली.
फक्त तोंडाशी एक पीळ अजून नखाला लागतो.
दस्त्यावर दोन बाण, टोकाला टोक:
म्हणजे सरकारी नोकरी संपली, लिलावात काढली.
मग वीतभर नळी कापली कुणी, घाईच्या करवतीनं,
आणि दुसऱ्या कुणी तो काठ कानशीनं गोल केला,
सावकाश.

"मामय्या गिरणीच्या फाटकावर होते. रात्रपाळी.
सकाळी यायचे, भाकरी खायचे, बोलायचे नाहीत."

मुठीशी दस्ता मोडलाय, सांधलाय.
सांध्यातलं लाकूड निराळं, जड, हातांनी गुळगुळीत झालेलं,
आतल्या अंगाला लांबट खळगा.
मी भिंग शोधत होतो.
बाईंनी नुसता अंगठा फिरवला:
"धोटा हाय हो. हितं कांडी बसते."

शेवटी टोच्या काढला.
घोडा पडला की हा पुढे सरतो,
काडतुसाच्या बुडावर आपटतो. आपटायला हवा.
हा दोन सूत आखूड.
मोडलेला नाही, झिजलेला नाही,
कापून परत टोक काढलंय, वर पॉलिश,
तपासणाऱ्याला खरा वाटावा असं.
रिकाम्या काडतुसाला मेण लावलं, घोडा पाडला.
टक्.
मेणावर ओरखडा नाही.

आणि घोड्याची खाच बघा, किती झिजलीय.
हा ताणलाय, पाडलाय, पुन्हा ताणलाय.

बाई बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.
संप झाला होता म्हणे एकदा, फाटकावर गर्दी, हुकूम आला होता.
साल त्यांना ठाऊक नाही. सासूबाईंना असायचं.
"मामय्यांनीच केलं आसंल का हे?"

असेल. किंवा साच्याखात्यातला एखादा फिटर,
धोटा सांधून देणारा,
ज्यानं दुरुस्तीला आलेली बंदूक परत दिली
आणि सांगितलं नाही.
तसं असेल तर त्या दिवशी चाप ओढला की नाही,
ओढला तर टक् ऐकून त्या माणसाला काय वाटलं,
हे लोखंडावर कुठेच नाही.
मी तिन्ही भिंगांनी पाहिलं.

रकाना सात: १८६२.
शेरा: साल कुलपाचे. नंतर अनेक फेरफार.
शेवटचा फेरफार, टोच्या दोन सूत आखूड. तारीख नाही.
काम चांगले.
(हे शेवटचं खोडलं. मग पुन्हा लिहिलं.)

चादर गुंडाळताना त्यांनी विचारलं,
"फडकं आता र्‍हाऊ दे का काढू?"
राहू द्या, म्हटलं.
रस्त्यात कुणाला लागायला नको.