मानस

सतरा मिलिमीटर.
दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा,
आणि पडद्यावर एक फुली मारली
उजव्या कर्णिकेत, खालच्या महाशिरेच्या तोंडाशी,
जिथं काहीतरी हलत होतं.

बांबोळीतली आमची खोली बारा महिने थंड.
रुझार मिनेझिश, वय एकसष्ट, चोडण.
डाव्या कुशीवर, पाठ माझ्याकडे,
पाठीवर बनियनच्या आकाराची गोरी चामडी.
जेल लावलं तर म्हणाला, पेज निवली गो तुझी.
मी हसले नाही. मी मोजत होते.

"कितें आसा तें, बाये?"

आम्हाला सांगायची मुभा नसते.
म्हटलं, डॉक्टर सांगतील.
तेवढ्यात सगळं सांगून झालं.

रिपोर्टात लिहिलं: हलता पुंजका.
गाठ नाकारता येत नाही.
(हे वाक्य आम्ही रोज वापरतो,
मीठ टाकावं तसं.)

ते खिशात घालून तो रायबंदरच्या धक्क्यावर गेला,
स्कूटरांच्या गर्दीत फेरीबोटीत उभा राहिला.
चार दिवस गाठ त्याच्या घरी जेवायला बसली.
थोरलीनं मस्कतहून रजा मागितली.
बायकोनं मेणाचं काळीज विकत आणलं
आणि वाटेवरच्या क्रुसापाशी ठेवलं.
त्या काळजात काहीच नव्हतं,
ना पडदा, ना दोर, ना घडी,
साबणासारखं गुळगुळीत.

सोमवारी डॉक्टर केंकरेबाईंनी
अन्ननळीतून नळी घालून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग हातमोजे काढत म्हणाल्या,
गाठ नाही हो. ही झडप. तुमचीच आहे, जन्माआधीची.
पोटातल्या पोराची फुप्फुसं मिटलेली असतात,
रक्त येतं नाळेवाटे,
आणि ही पातळ फळी त्याला वळवते
मधल्या फटीकडे, पलीकडे.
मग पोर रडतं, फट बुजते, फळीचं काम संपतं.
पुष्कळांची झिजून जाते. तुमची राहिली.

रुझार उठून बसला. घसा बसलेला.
"म्हणजे मानस," म्हणाला.

बाई पुण्यात शिकलेल्या.
म्हणाल्या, हो ना, मनाला लावून घेऊ नका.

मी दिवाडची. मला कळलं.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडाचं दार,
भरती आली की आपल्याआपण मिटणारं,
ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडणारं.
ह्याचा बाप दर वर्षी पावणीत बोली लावून ती घ्यायचा.
हा पोरगा कंदील टांगून रात्रभर जाळ्यापाशी,
सुंगटं उड्या मारत यायची उजेडाला.
मग कुर्ल्यांनी बांध पोखरला, कुणी बुजवला नाही,
एका रात्री नदी आत शिरली ती आत राहिली.
आता तिथं खारफुटी आहे, बगळे आहेत.
"दार अजून हलतं," म्हणाला,
"त्याला कुणी सांगूंकच ना
की शेत गेलं म्हणून."

तो म्हणाला, एकदा दाखव.
नियमात बसत नाही. मी पडदा त्याच्याकडे फिरवला.
करड्या अंधारात ती फळी
वाकत होती, सरळ होत होती.
त्यानं डोळे बारीक केले,
पाण्याकडे बघणारे करतात तसे.
"सुकती," म्हणाला. थोड्या वेळानं,
"भरती."
मिनिटाला बहात्तर.

मी फुली पुसली.
सतरा मिलिमीटर तसंच राहू दिलं,
आकडा बरोबर होता.

मेणाचं काळीज मात्र परत आणत नाहीत.
असेल अजून तिथंच, क्रुसाच्या पायरीवर,
मे महिन्याच्या उन्हानं
एका बाजूनं जरासं फुगलेलं.
गाठ नाकारता येत नाही.